कधी मिळेल, कधी नाही

वाजला नसतानाही दादा फोन का उचलतो, हे कोडं जुईला सुटत नव्हतं. हृषीकेशदादा इंजिनीअरिंगला होता. त्याचा गणिताचा पेपर एकदा राहिला होता आणि सोमवारी तो पुन्हा द्यायचा होता. या वेळीही उडाला तर वर्ष गेलंच. तरी दोन ओळी वाचल्या की स्वारीचा हात फोनकडे! ‘आळशी आहेस तू,’ असं जुईने त्याला तोंडावर सुनावलं होतं.

तिने बारकूला विचारलं. बारकू हा त्यांच्या घरचा यंत्रमानव, पिठाच्या डब्याएवढा आणि भलताच चौकस. त्याने सरळ उत्तर थोडंच दिलं असतं? त्याच्या पोटावर दोन बटणं उगवली.

“डावं दाबलंस की दर वेळी शेंगदाणा मिळेल. उजव्यातून कधी मिळेल, कधी नाही. खेळून बघ.”

डाव्याचा जुईला लगेच कंटाळा आला. उजवं मात्र सुटेना. खो-खोला बोलावणाऱ्या मैत्रिणी हाका मारून निघून गेल्या, तरी ती दाबतच राहिली. गंमत म्हणजे तिला शेंगदाणे आवडतच नव्हते.

“मग दाबत का बसलीस?” बारकूने विचारलं.

“आता येईल, असं वाटत होतं.”

“मेंदूत डोपामिन (काहीतरी छान मिळेल या आशेने वाढणारं रसायन) असतं. मिळणारच हे ठाऊक झालं की ते थंडावतं, भरवसा नसला की उसळतं. फोनमध्ये कधी मित्राचा निरोप असतो, कधी काहीच नाही. त्यात परीक्षेची भीती. फोन पाहिला की ती घटकाभर विसरायला होते, अभ्यास मागे पडतो आणि भीती आणखी वाढते.”

“म्हणजे दादा आळशी नाही?”

“तू आहेस का?”

जुईला स्वतःचीच लाज वाटली. ती दादाकडे गेली.

“दादा, चुकलं माझं. तुला भीती वाटते ना?”

“फार वाटते गं,” दादा म्हणाला.

“फोन डोळ्यांसमोर नसला की ओढ कमी होते, असं बारकू म्हणतो. मी स्वयंपाकघरात ठेवू?”

दादाने फोन दिला. ती परत आली तेव्हा तो एका अवघड गणितावर वाकला होता.

“सुटेल?” तिने हळूच विचारलं.

“सांगता येत नाही,” दादा म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. “म्हणून तर सोडत नाहीये मी त्याला.”