झालं का गं?

“काका, या मशीनमध्ये कधी कुणी मेलंय का हो?”

हा प्रश्न मेहकने विचारला. खरोखर विचारला. कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका सेंटरच्या तळघरात, भर दुपारी, एमआरआय काढणाऱ्या माणसाला. दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकतीच सुरू झाली होती. सेंटरचं नाव मी लिहिणार नाही. तिथे आजही रोज पेशंट जातात आणि बिचाऱ्यांचे पाय आधीच लटपटत असतात. बाकी जे घडलं ते जसंच्या तसं आहे. मेहक माझी मामेबहीण. ती थापा मारते, पण असल्या नाही.

आणि प्रश्न तिच्या डोक्यातला नव्हताच. शाळेत तिच्या मैत्रिणीने, अनुजाने, पैज लावली होती.

“एवढी जिल्ह्याची चॅम्पियन हायस न्हवं? मग इचारून दाखव त्या माणसाला. इचारलंस तर कॉकटेल आईस्क्रीम माझ्याकडनं. दोन!”

मेहकला वाटलं होतं, तो माणूस हसेल. नाहीतर ओरडेल.

उदयसिंह काकांनी यातलं काहीच केलं नाही. ते एकदा काचेपलीकडच्या मशीनकडे बघून हळूच म्हणाले…

“तुला कुणी सांगितलं?”

मेहकचं हसू तिथेच वाळलं.

मेहक कुस्ती खेळते. मागच्या वर्षीपर्यंत कुणी हाक मारली तरी खाली मान घालणारी ही पोरगी, जिल्ह्यात पहिली आल्यापासून वर्गात असा काही आवाज टाकायची की सर खडू खाली ठेवायचे. मग सरावात एका पोरीने तिला उचलून आपटलं. मान अंगाखाली सापडली. डाव्या हाताला ज्या मुंग्या आल्या त्या जाईनात. डॉक्टर म्हणाले, मानेचा एमआरआय. वस्ताद म्हणाले, “रिपोर्ट आण, मग मॅटवर पाय ठेव.” राज्याची निवड चाचणी जानेवारीत होती.

पण आठवडाभरापूर्वी पहिल्यांदा मशीनमध्ये गेली, तेव्हा काय झालं माहितीये?

छत नाकावर आलं… आणि मेहक किंचाळली.

हातात एक रबरी फुगा देतात. घाबरलं की दाबायचा. तिने तो असा दाबला की काका पळत आले. पोरींना चितपट करणारी मेहक हुंदके देत बाहेर आली. शाळेत सांगितलं, “मशीनच बंद पडलं!”

अब्बांनी मात्र घरी स्पष्ट सांगितलं. तौसीफ मामू म्हणजे तिचे अब्बा, रिक्षांची हुडं शिवतात, बोलतात कमी. ते म्हणाले, “परत एकदा जाऊ. या वेळीबी न्हाय जमलं तर कुस्ती बास. मानेशी खेळ नको.”

म्हणजे सगळी कुस्ती आता त्या नळकांड्यात अडकली होती.

मेहकने तयारी केली. वस्ताद म्हणाले, “खाली सापडलीस की काय करतेस? धडपडतेस व्हय? न्हाय. पालथी पडून दम धरतेस. तसंच कर.” अनुजा म्हणाली, “डोळे मिटूनच आत जा. उघडायचेच न्हाईत. काय बघायचं हाय आत? थेटर हाय का ते?” आणि अम्मीने सगळ्यात चांगला उपाय काढला. ती आतच बसणार. मेहकचे पाय धरून.

तशी परवानगी असते. फक्त अंगावर धातू नको.

अम्मीने बांगड्या काढल्या. कानातलं काढलं. काळ्या मण्यांचा लच्छा काढून अब्बांच्या खिशात टाकला. राहिली नाकातली चमकी. लग्नात घातलेली. तिच्या फिरकीचं मळसूत्र कधीच गंजून बसलं होतं.

“चमकी निघाल्याबिगर आत सोडता येत न्हाय, ताई,” उदयसिंह काका म्हणाले.

“अहो, निघंल की!” अम्मी म्हणाली. मग मेहकला म्हणाली, “तू झोप जा. मी साबण लावून काढते आन् आलेच बघ.”

आलेच बघ.

या दोन शब्दांच्या भरवशावर मेहक त्या फळीवर झोपली.

काकांनी कानात बोळे घातले. वर हेडफोन. तोंडावरून मानेपर्यंत एक जाळी, हेल्मेटची असते तशी. डोळ्यांवर रुमाल. हातात फुगा.

“दाबलंस की पहिल्यापासनं करावं लागतं,” काका म्हणाले. “आन् मी काय सांगायचं असलं तर हेडफोनमधनंच सांगणार. दुसऱ्या कशाला…”

ते थांबले.

“दुसऱ्या कशाला काय, काका?”

“काय न्हाय. हलू नकोस.”

फळी आत सरकली.

दोन्ही कोपरं भिंतींना लागली. श्वास सोडला की तोच श्वास जाळीवर आपटून परत तोंडावर येत होता. गरम. वर हात करायचा म्हटलं तर जागा नाही. कूस बदलायची तर जागा नाही. मेहकला वाटलं, आपल्याला कुणीतरी पेनच्या टोपणात घातलंय आणि वरून दाबतंय.

दम धर… दम धर…

मग आवाज सुरू झाले. ठक ठक ठक. घर्रर्र. जणू डोक्याशी कुणी पत्रा ठोकतंय. पण आवाज बरे होते. आवाजात विचार करता येत नाही.

मग आवाज थांबले.

एकदम शांत.

आणि त्या शांततेत कुणीतरी विचारलं…

“झालं का गं?”

अम्मी! मेहकला एवढं हायसं वाटलं, एवढं हायसं, की डोळ्यांतून पाणीच आलं. निघाली वाटतं चमकी.

“न्हाय अजून,” ती ओठ न हलवता पुटपुटली. “थांब.”

“बरं.”

ठक ठक ठक. परत पत्रा. आता मेहक घाबरली नव्हती. अम्मी होती ना. तिला तर कपाळापाशी हातसुद्धा जाणवला. केसांतून बोटं फिरत होती, सावकाश, एकाच जागी. अम्मी झोपवताना फिरवते तशी.

फक्त बोटं गार होती. साबणाच्या पाण्याने असतील.

आवाज थांबले.

“आता झालं का?”

“थांब की गं! झालं की मी सांगते तुला.”

“सांगशील न्हवं? नक्की?”

“व्हय, नक्की.”

“बरं…”

पुन्हा घर्रर्र. आणि त्या घरघरीत मेहकला एक साधी गोष्ट आठवली.

अम्मी पायाशी बसणार होती.

पाय तर मोकळे होते. पायांना कुणी धरलंच नव्हतं. हात होता तो डोक्याकडे. डोक्याकडे म्हणजे… आत. नळकांड्याच्या पलीकडच्या तोंडाशी, जिथून भिंत हातभर लांब आहे आणि तिथे माणूस उभा राहायचा तर अंग चोरून उभं राहावं लागेल.

आणि कानात बोळे होते.

बोळ्यांवर हेडफोन होता.

काकांचा आवाज त्यातून खरखरत यायचा. हा आवाज खरखरत नव्हता. कुणी ओठ कानाला लावून बोलावं तसा तो आला होता.

घरघर थांबली. मेहकने श्वास रोखला. बोलू नको… आता बोलू नको…

“लई वेळ झाला गं,” तो आवाज म्हणाला. “मान पार आखडली माझी.”

मेहकची बोटं फुग्यावर वळली.

दाबलं की सुटका. फळी बाहेर. उजेड. अब्बा. आणि दाबलं की कुस्ती संपली, कायमची. तिचा अंगठा फुग्यावर तसाच टेकलेला होता. रुमालाखाली डोळे घट्ट मिटलेले. उघडले असते तरी रुमालच दिसला असता, पण तिला खात्री होती… उघडले तर रुमाल दिसणार नाही.

“मला इसरले वाटतं गं ते. तुला काढतील. मलाबी काढतील न्हवं?”

मेहकने उत्तर दिलं नाही.

केसांतली बोटं थांबली. निघाली नाहीत. नुसती थांबली. टाळूवर हलका श्वास येत राहिला… जात राहिला… मेहकने दम धरला. पालथी नव्हती, तरी धरला. ती हलली नाही.

आणि फळी बाहेर सरकली.

“शाब्बास पोरी!” काका जाळी काढत म्हणाले. “एकदाबी हलली न्हाईस!”

“अम्मी कुठाय?”

अम्मी बाहेर होती. बेसिनपाशी. नाक टोमॅटोसारखं लाल, पदर साबणाने भिजलेला आणि चमकी आहे तिथेच.

“निघतच न्हाय बघ मेली! एकटीच राहिलीस न्हवं माझी बाय आत?”

मेहकने मागे वळून बघितलं. उदयसिंह काका मशीनजवळ वाकले होते. मशीन रिकामं होतं. एक हात त्याच्या काठावर ठेवून, अगदी पेशंटला सांगावं तसं त्यांनी आत सांगितलं, “झालं बरं का. चला, घरी जावा.”

ते बाहेर आल्यावर मेहकने विचारलं, “हे कुणाला म्हटलं, काका?”

“माझ्या आधीचा माणूस रोज म्हणायचा. मलाबी म्हणायला लावलं त्यानं. का, ते मी इचारलं न्हाय. तूबी इचारू नको.” मग दार लावून घेत, “आत काय ऐकू आलं तर… उत्तर न्हाय न्हवं दिलंस?”

“न्हाय,” मेहक म्हणाली.

रिपोर्ट साफ आला. नस थोडी दुखावलेली, बाकी मान ठीक. मुंग्याही हळूहळू गेल्या. वस्तादांनी पाठ थोपटली. अनुजाने दोन कॉकटेल दिली आणि एक स्वतःच संपवलं. मेहकने स्वतःला समजावलं… भीतीने भास होतात. सगळ्यांना होतात. संपलं.

मग एका सकाळी शाळेचा स्वेटर घालताना…

स्वेटर डोक्यात अडकतो ना? गळ्याचं भोक सापडेपर्यंत सगळं काळं, लोकरीचं, बंद. तेवढ्याच वेळात…

“झालं का गं?”

मागून. टाळूवरून.

मेहकने स्वेटर ओरबाडून काढला. खोलीत कुणी नव्हतं. खिडकीतून ऊन येत होतं. अम्मी स्वयंपाकघरात चहा गाळत होती.

त्या दिवसापासून ते सुरू झालं. लिफ्टचं दार बंद झालं की. चादर तोंडावर घेतली की. अब्बांच्या दुकानात नव्या हुडाखाली वाकली की. जिथे जिथे अंगाभोवती जागा कमी व्हायची तिथे. आवाज कधी रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, मेहक म्हणते. तो नुसता वाट बघत होता.

मॅटवर तर सगळंच बिघडलं. समोरची पोरगी अंगावर आली, हात मेहकच्या डोळ्यांवर पडला, चेहरा मॅटमध्ये दबला… “आता झालं का?” मेहक दगड झाली. चितपट. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी वस्ताद ओरडले, “अगं, काय झालंय तुला? पाटी टाकल्यागत पडतीयास!” चाचणी जवळ आली होती.

शेवटी तिने अम्मीला सांगितलं. अम्मी तिला दर्ग्यात घेऊन गेली, दुआ फुंकून दम करून आणलं, दंडात तावीज बांधला. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये पुन्हा.

मग मेहकला वाटलं, एवढं काय अवघड आहे? आपणच ‘सांगते’ म्हटलं होतं. सांगून टाकू. ती दुपारी पलंगावर पडली, चादर डोक्यावरून घेतली आणि आवाज यायच्या आतच म्हणाली,

“झालं. जा आता.”

काहीच नाही.

रस्त्यावरून भंगारवाल्याची हाक गेली. मेहकला हसू आलं. सुटली!

आणि मग, चादरीच्या आतून, तिच्या केसांत बोट घालत…

“कुठं झालं गं? मी अजून आतच हाय की.”

संध्याकाळी तिने सेंटरला फोन लावला. उदयसिंह काकांना सगळं खरं सांगितलं. उत्तर दिलं होतं हे पण. 

“तरीच! आता मी ‘झालं’ म्हटलं की आतनं ‘ती पोरगी सांगणार हाय’ असं…” एवढंच बोलून ते थांबले. मग म्हणाले, “रविवारी ये. सेंटर बंद असतंय. मशीन मी चालू करणार न्हाय. नुसती आत झोप आन् तिथंच तिला सांग.”

“तुम्हाला माहितीये ती कोण हाय?”

फोन बंद झाला होता.

जेवताना मेहकने घरी सांगितलं, रविवारी परत मशीनमध्ये जायचंय. अब्बांचा घास हातातच राहिला.

“रिपोर्ट साफ हाय. मग परत कशाला?”

“आता कुठं बाहेर पडलीस तू!” अम्मीचा आवाज फुटला. “परत त्या बिळात जातीयास? येडी का खुळी?”

 तिलाही माहीत नव्हतं, ती बाई कोण होती. किती दिवस आत होती. बाहेर आली तर कुठे जाणार होती, की कुणाबरोबर जाणार होती. भीती गेली नव्हती. रबरी फुगा हातात नसतानाही अंगठा आपोआप मुठीत दाबला जात होता. पण अब्बांनी एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा ‘न्हाय’ म्हटलं, तेव्हा ती ताटावरून उठली आणि दोघांच्या मधे उभी राहून म्हणाली,

“मी तिला थांब म्हटलंय, अब्बा. ती थांबलीय. रविवारी मी जाणार, आत झोपणार आन् तिला घेऊनच बाहेर येणार. तुम्ही दोघं फक्त त्या खोलीचं दार उघडं धरून उभं राहा.”