भिंतीवरची तिसरी तसबीर

चाकणहून तळेगावला जाणारी एसटी त्या सोमवारी खच्चून भरलेली होती. शालन गोरे दांडीला धरून उभी होती, आणि समोरच्या बाकावरल्या तरुणाच्या मांडीवरचं पुस्तक बघून तिचे डोळे विस्फारले. तपकिरी पुठ्ठा, वाचनालयाचा शिक्का... तीन वेळा ग्रंथपालांनी तिला 'बाहेर गेलंय' म्हणून परत पाठवलं होतं, ते हेच.

"म्हणजे पुस्तक तुम्ही दडवलंत तर," ती म्हणाली.

त्यानं वर पाहिलं. सावळा चेहरा, शांत डोळे. "दडवलं नाही. मी वाचायलो ना ते."

"वाचायलो?" तिला हसू आलं. "कुठले तुम्ही?"

"परभणीकडचा. ज्योतीराम. इथं चाकणला मामाकडे राहायला आलोय." त्यानं उठून तिला जागा दिली. पुस्तक मात्र दिलं नाही.

तळेगावात मास्तर होऊ पाहणाऱ्यांचे दोन वर्ग होते, एक पुरुषांचा, एक बायकांचा. यंदा, म्हणजे सत्तावन्न साली, दोन्ही वर्गांना मिळून एक नवं सभागृह बांधून झालं होतं. बुद्ध आणि गांधीजी यांच्या तसबिरी भिंतीवर आधीच लागल्या होत्या. तिसरी तसबीर जगातल्या एका शांतिदूताची लावायची, आणि तो विद्यार्थ्यांनीच निवडायचा, असं कुसुमताईंनी ठरवलं. कुसुमताई बायकांच्या वर्गाच्या मुख्य. दोन्ही वर्गांतून एकेकानं महिनाभर वाचायचं, मग सभेत आपापलं नाव मांडायचं. बायकांकडून शालन होती. पुरुषांकडून कोण, ते तिला त्या पुस्तकावरून आत्ता कळलं.

पुस्तकात जगभरच्या शांतिदूतांची चरित्रं होती. एक दिवस तो, एक दिवस ती, असा त्याचा करार झाला. आणि रोज त्याच बसमध्ये भांडण.

"माझ्या जेन अ‍ॅडम्सबाई शिकागोच्या गरीब वस्तीत घर घेऊन राहिल्या," ती म्हणायची. "लढाई नको म्हणाल्या म्हणून स्वतःच्याच देशाच्या शिव्या खाल्ल्या. तुमच्या त्या रेडक्रॉसवाल्या हेन्री ड्युनांटचं नाव तरी नीट उच्चारता येतं का तुम्हाला?"

"नाही येत," तो शांतपणे म्हणायचा. "तुम्ही म्हणता ते ऐकायला बरं वाटतं, म्हणून तुम्हालाच म्हणू देतो."

तिनं खिडकीबाहेर पाहिलं. कान तापले होते... पण हरल्यासारखं वाटू द्यायचं नाही, म्हणून ती आणखी जोरात वाद घालू लागली.

सप्टेंबर संपता संपता इंद्रायणी फुगली आणि इंदोरीजवळ रस्त्यावर पाणी आलं. बस थांबली. सगळे उतरून एका चहाच्या छपराखाली उभे राहिले. पागोळ्या गळत होत्या. ज्योतीरामनं चहाचा कप तिच्याकडे सरकवला, स्वतः छपराच्या कडेला, अर्धा भिजत उभा राहिला.

"आत या ना. भिजताय."

"मी इथं राहिलो की तुम्हाला जागा होते तेवढी."

ती जरा सरकली. मग तिनं विचारलंच, "खरं सांगा, हाच माणूस का?"

"अठ्ठेचाळीस सालची गोष्ट आहे. आमच्याकडे दंगे पेटलेले. वडलांच्या पायाला गोळी लागली. गावातले एक हकीमसाहेब होते, मुसलमान. त्यांच्या घरच्यांनी नको म्हटलं, आमच्या शेजाऱ्यांनी दारात अडवलं, तरी ते आले. आठ दिवस रोज येऊन पट्टी बदलली. पाय वाचला." तो पाण्याकडे बघत होता. "पुढं हे पुस्तक हाती आलं. लढाईतल्या जखमींना, कुठल्या बाजूचा ते न विचारता, पाणी पाजणारा माणूस... मला वाटलं, ह्याला मी ओळखतो."

शालननं चहा तसाच धरून ठेवला.

त्या आठवड्यात तिनं ड्युनांटचं प्रकरण चारदा वाचलं. इटलीतल्या लढाईनंतर एका गावात हजारो जखमी येऊन पडले. व्यापाराच्या कामाला निघालेला हा परदेशी माणूस तिथंच थांबला. आणि त्याच्यासोबत त्या गावच्या बाया थांबल्या, शत्रूच्याही जखमा धुवायला. सगळे भाऊच, असं म्हणत. हे वाचताना तिला शिवारातल्या, कंबर बांधून धावून जाणाऱ्या बाया दिसल्या.

सभेच्या दिवशी बायकांचा वर्ग पुढच्या ओळीत बसला होता. भिंतीवर बाईची तसबीर लागणार, ही सगळ्यांची खात्री. ज्योतीरामनं ड्युनांटचं नाव मांडलं, मग शालन उठली. जेन अ‍ॅडम्सबद्दल ती मनापासून बोलली. मग थांबली.

"एवढं सगळं खरं आहे," ती म्हणाली. "तरी महिनाभर वाचून माझं मत बदललं. माझं मत ड्युनांटला. आणि तसबिरीखाली त्या गावच्या बायांचाही उल्लेख असावा, एवढी माझी अट आहे."

मागून कुजबुज उठली. तिची जिवलग मैत्रीण विमल तिच्याकडे बघेना. कुसुमताईंनी हात वर करायला सांगितले, मोजले, आणि ड्युनांटचं नाव अटीसकट मंजूर झालं.

ज्योतीराम आनंदला असेल म्हणून ती बाहेर आली, तर तो व्हरांड्यात पाठ करून उभा.

"माझ्यासाठी केलंत हे," तो म्हणाला. "इंदोरीला मी ते सांगायला नको होतं. दया आली तुम्हाला."

"दया?" शालनचा आवाज चढला नाही, पण धारदार झाला. "मी चार वेळा वाचलंय ते प्रकरण. मैत्रिणी रुसल्या माझ्यावर. दयेपोटी एवढं करणारी बाई वाटते का मी?"

तो वळला. "नाही. पण मग..."

"मत दिलं ते त्या माणसाला दिलं. तुमच्यासाठी द्यायचं होतं ते अजून दिलेलं नाही." तिनं पदर खांद्यावर नीट केला, आणि त्याच्या डोळ्यांत सरळ पाहिलं. "तुम्ही मला आवडता. पुस्तक नसतं तरी आवडला असता."

ज्योतीराम मग हळूच हसला.

"मी तर पहिल्याच दिवशी अडकलोय," तो म्हणाला. "पुस्तक दिलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी बोलला असतात का माझ्याशी? म्हणून नाही दिलं."

"लबाड."

"आता पुढं काय करायचं, सांगा."

"रविवारी घरी या. आईला मी आधी सांगून ठेवते. ती विचारेल, पोरगा कुठला, कुणाचा, आन् मास्तर व्हनार म्हंजी कधी? सगळ्याची नीट उत्तरं द्यायची."

"आणि ती नाही म्हणाली तर?"

शालन पायरी उतरली, दोन पावलं गेली आणि मागं वळली.

"तर महिनाभर बोलू तिच्याशी," ती म्हणाली. "चला, बस सुटेल."

आणि त्या दिवशी पहिल्यांदा ती दोघं एका बाकावर, शेजारी शेजारी बसून चाकणला गेली.