कॅम्प चारमधले दोन अनोळखी

"तुला पैशातलं कळतं असं तुला वाटायला लागलंय, प्राची. तेवढं जरा जपून," आण्णा म्हणाले होते.

वांगणीला माझ्या माहेरी ओटीवर बसून ते वाल सोलत होते आणि मी त्यांच्या नाकासमोर मोबाइल धरून हिरवे आकडे दाखवत होते. माझ्या लेकीच्या, गोदूच्या बारशाला आलेली पाकिटं, माझ्या शिकवण्यांचे साठलेले पैसे, सगळं मी शेअर बाजारात लावलं होतं आणि सगळं वाढत होतं. मी बी.कॉम. झालेली, आण्णा सातवी. मी हसले. "तुम्ही वाल सोला, आण्णा," म्हटलं, आणि मोबाइल पर्समध्ये टाकला.

मग बाजार पडायला लागला. आज सावरेल, उद्या सावरेल म्हणत मी आणखी घातले... या वेळी घरखर्चातले. तेही गेले. त्या दिवसांत आमच्या बदलापूरच्या सोसायटीत लिफ्टमध्ये शिरलं की एकच विषय. इस्त्रीवाल्यापासून दातांच्या डॉक्टरांपर्यंत सगळे एकमेकांना "तुमचे किती गेले?" विचारायचे, आणि सगळेच "आपलं काही नाही बुवा त्यात" म्हणायचे. मीसुद्धा म्हणायचे. इतकं सहज की ते ऐकून मलाच माझी भीती वाटायची.

गोदूच्या शाळेची फी भरायची वेळ आली तेव्हा मी कपाटातून पाटल्या काढल्या. सासूबाईंच्या होत्या त्या. लग्नात त्यांनी स्वतःच्या हातांतून काढून माझ्या हातांत घातल्या होत्या. बदलापुरात विकल्या असत्या तर संध्याकाळपर्यंत त्यांच्या भजनी मंडळात बातमी पोचली असती. म्हणून गोदूला बालवाडीत सोडलं, अंबरनाथहून रिक्षा केली आणि उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये आले. तिथं आपल्याला ओळखणारं कुणी नसतं. निदान मला तसं वाटत होतं.

गल्लीत दोन्ही बाजूंना जीन्स शिवणारे कारखाने. मशिनांची घरघर, निळ्या धाग्यांचे पुंजके, कुठूनतरी पापड भाजल्याचा वास. सोनाराचं दुकान अगदी चिंचोळं. गल्ल्यावर माझ्याच वयाची एक सिंधी बाई, तिला कुणीतरी आतून "सोनिया" म्हणून हाक मारली. समोरच्या बाकावर पाठमोरा एक माणूस बोटातली अंगठी काढायची खटपट करत होता. अंगठी निघत नव्हती. त्याच्या मानेवर, कॉलरच्या अगदी वर, एक तीळ होता.

तो तीळ मी ओळखत होते.

मंगळवार होता तो. एमआयडीसीला सुट्टी शुक्रवारी असते. मंगळवारी माझा नवरा, यज्ञेश, फॅक्टरीत असतो.

त्यानं वळून पाहिलं. मी पाटल्यांची पुरचुंडी ओढणीखाली घेतली. पण उशीर झाला होता.

"अचो दीदी, विहो," सोनियानं बाकाकडे हात केला. "आप दोनों साथ में हो क्या?"

"नाही," मी म्हणाले.

"नाही," तोही म्हणाला. त्याच क्षणी.

कसं निघालं तोंडातून कुणास ठाऊक. पण एकदा निघाल्यावर ते परत घ्यायची हिंमत दोघांतही नव्हती. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. मध्ये पर्स ठेवली. आणि तेवढ्यात दिवे गेले. पंखा कुरकुरत थांबला, गल्लीतली सगळी मशिनं एकदम गप्प झाली.

"गई लाइट," सोनिया म्हणाली. "सोना चेक करायचा मशीन बंद. थोडा बैठना पडेगा. चाय बोलती हूं."

ती मागे गेली. अंधारलेल्या दुकानात आम्ही दोघं. तो समोरच्या रिकाम्या काचेकडे बघत होता, मी माझ्या चपलांकडे. उठून जावं... की रडावं... की विचारावं, तू इथं कसा? माझे कान इतके तापले होते की अंधार झाला म्हणून मी देवाचे आभार मानले.

मग तो हळूच म्हणाला, "लांबून आलात?"

मी चमकून पाहिलं. तो अजून काचेकडेच बघत होता. 'तुम्ही'... आमचं जमल्यापासून त्यानं मला 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

"बदलापूरहून," मी म्हणाले. आवाज जरा चिरकलाच.

"अरे वा. आमच्याच बाजूच्या."

"तुम्ही कुठे असता?"

"मी ना... आत्ता मी फॅक्टरीत आहे. असं घरी वाटतंय."

हसू आलं. मी पर्सच्या बंदाशी खेळत राहिले.

"बायकोनं डबा दिलाय का?"

"दिलाय की. मेथी. कालची खारट होती, आजची बघायचीय."

"सांगितलंत तिला? खारट होती म्हणून?"

"छे. हल्ली ती सकाळी मोबाइल बघते आणि मग मीठ दोनदा घालते. मी विचारत नाही."

"का?"

"मी विचारलं तर तीही मला विचारेल."

"काय विचारेल?"

बाहेर कुणीतरी शटर ओढलं.

"की फॅक्टरीत एकच शिफ्ट चालू आहे, सगळ्यांना अर्धा पगार मिळतोय, मग घरी पूर्ण कसा येतो."

मला माहीतच नव्हतं. मी त्याच्या शेजारी रोज झोपत होते, त्याचा श्वास मोजावा इतकी जागी असायचे, आणि मला माहीत नव्हतं.

"कसा येतो?" मी विचारलं.

"बाइक विकली. घरी सांगितलंय, माझ्या मित्रानं, प्रज्वलनं गावाला नेलीय."

"तुमची बायको त्या प्रज्वलला शिव्या घालत असेल."

"फार. बिचाऱ्याला उचक्या लागत असतील."

आम्ही दोघंही हसलो, एकमेकांकडे न बघता. मग त्यानं बोटातली अंगठी पुन्हा फिरवली. आण्णांनी घातलेली अंगठी होती ती.

"आता ही," तो म्हणाला. "सासऱ्यांनी दिलेली आहे. विकायला आलोय आणि ही हलत नाहीये. तिलाही लाज असेल." थोडं थांबून म्हणाला, "आणि तुम्ही?"

आता माझी पाळी होती. नवरा म्हणून त्यानं विचारलं असतं तर मी खोटं बोलले असते. माझ्याकडे तीन-चार उत्तरं तयार होती. पण एका परक्या माणसाला खोटं सांगायचं काही कारणच नव्हतं.

"सासूबाईंच्या पाटल्या," मी म्हणाले. "मी शेअर बाजारात पैसे घातले. मुलीच्या बारशाचे. मग घरातले. नवऱ्याला माहीत नाही."

"रागावेल म्हणून नाही सांगितलं?"

"रागावणारा असता तर केव्हाच सांगितलं असतं..." मी ओढणीखालची पुरचुंडी चाचपली. "तो सगळ्यांना सांगत फिरतो. आमच्या घरातलं अर्थखातं बायकोकडे आहे, तिला विचारा, तिला कळतं. फार कौतुकानं सांगतो हो. मला वाटलं, आता तो ते सांगायचं बंद करेल."

तो काही बोलायच्या आत दारात सावली आली.

आमच्याच सोसायटीतले, बी विंगमधले विष्णुपंत. ऑर्डनन्स फॅक्टरीतून अधिकारी म्हणून रिटायर झालेले, कुमुदिनीकाकू गेल्यापासून एकटे राहणारे. नेहमीचा कडक इस्त्रीचा शर्ट, आणि छातीशी धरलेली कापडी पिशवी. पिशवीच्या तोंडातून चांदीच्या करंड्याचं टोक दिसत होतं. संक्रांतीला काकू आम्हाला त्याच करंड्यातून हळदीकुंकू लावायच्या.

त्यांनी आम्हाला पाहिलं. आम्ही त्यांना. तिघांनाही सगळं कळलं.

"घड्याळाला सेल घालायचा होता," विष्णुकाका म्हणाले.

सोनिया आतून आली. "अंकल, घड्याळवाला तो कोने पे है."

"हो का? चुकलंच माझं," म्हणत ते पायरी उतरले. भरभर चालत गेले, त्या वयात माणूस चालत नाही इतक्या भरभर.

आम्ही दोघं खाली बघत बसलो. खरं सांगते, ते गेले तेव्हा मला हायसं वाटलं. ते आठवलं की अजून मान वर होत नाही.

चहा आला. दोन काचेचे ग्लास, वर जाड साय. मला साय चालत नाही, घशाशी येते. यज्ञेशनं माझ्या ग्लासातली साय चमच्यानं अलगद उचलली, आपल्या ग्लासात टाकली आणि ग्लास माझ्यापुढे सरकवला. रोजच्यासारखा. विचार न करता.

सोनिया गल्ल्यावर हनुवटी टेकून बघत होती.

"भैया," ती म्हणाली, "अनजान आदमी मलाई नहीं निकालता."

यज्ञेशचा चमचा हवेतच राहिला. अंधारातही मला दिसलं, तो कानापर्यंत लाल झाला होता. आमच्या साखरपुड्यात झाला होता तसा.

"आमची... नुकतीच ओळख झालीय," तो म्हणाला.

"दिसतंय ना," सोनिया म्हणाली. "आठवड्यात तुमच्यासारखे कितीतरी येतात. एक सकाळी, एक दोपहर. ये पहली बार है कि दोनों साथ में टपके."

दिवे आले. पंखा फिरू लागला, गल्लीतली मशिनं पुन्हा घरघरली. मी डोळे पुसले, पण त्यानं पाहिलंच.

"पाटल्या आत ठेव," तो म्हणाला. 'ठेव' म्हणाला. "आईला आपण दोघं मिळून सांगू."

"आणि तू? तू रागावला नाहीस?"

"रागावलोय. घरी गेल्यावर बघतो तुझ्याकडे." मग माझ्या पर्सवरून हात अलीकडे आणून त्यानं माझी करंगळी धरली, फक्त करंगळी. "लोकांना मात्र मी तेच सांगणार आहे. बायकोला विचारा. माझ्यापेक्षा तिला तोटा जास्त कळतो."

अंगठी शेवटी साबणाच्या पाण्यानं निघाली. तेवढी विकली. मग एका बंद कारखान्याच्या पायरीवर बसून आम्ही त्याचा डबा उघडला. धाग्यांचे निळे पुंजके पायाशी उडत होते. मेथी खारट होती.

"तुमच्या बायकोला सांगा," मी म्हणाले, "मीठ अगदी बरोबर आहे."

"सांगतो. आणि तुम्ही... पुन्हा भेटाल?"

"कुठे?"

"आमच्या घरी. बायको असेल, पण ती समजूतदार आहे."

मी त्याच्या दंडावर डोकं टेकवलं. भर दिवसा, कॅम्प चारच्या गल्लीत, बदलापुरात कधी केलं नसतं तसं. इतके दिवस ज्या माणसापासून तोंड लपवत होते, त्याच्याच शर्टात तोंड लपवून बसले होते.

रिक्षात बसल्यावर तो म्हणाला, "विष्णुकाका घरी पोचले असतील ना?"

आम्ही संध्याकाळी त्यांची बेल वाजवली. आत टीव्ही चालू होता, तो बंद झाला.

"कोण?"

"आम्ही, काका. यज्ञेश आणि प्राची."

मग दाराआडून आवाज आला, "जरा पडलोय रे. उद्या या."

दुसऱ्या दिवशीही ते पडलेलेच होते. मी डबा नेला, तो दारातच राहिला. मग ते सोसायटीच्या मागच्या फाटकानं ये-जा करायला लागले. एकदा समोरासमोर आलो तर त्यांनी खिशातून मोबाइल काढून कानाला लावला. मोबाइल उलटा होता.

त्यानंतर आम्ही ते घर सोडलं. आता अंबरनाथला फॅक्टरीजवळ दोन खोल्यांत राहतो. भाडं झेपतं, सासूबाईंना सगळं माहीत आहे, आणि संध्याकाळी यज्ञेश चालत घरी येतो तेव्हा मी खिडकीत उभी असते. मला तो पुन्हा नव्यानं आवडायला लागलाय, हे त्याला सांगितलेलं नाही. त्याला कळलंय. विष्णुकाकांना तो फोन करतो. ते उचलतात, "मजेत" म्हणतात आणि ठेवून देतात.

आमच्यासाठी ते दार उघडायचे नाहीत. आम्ही त्यांना त्या दुकानाच्या पायरीवर पाहिलंय. तुम्ही पाहिलेलं नाही.

म्हणून हे वाचणारं कुणी बदलापूरला, पश्चिमेला राहत असेल तर माझं एवढं काम करा. नाल्याजवळची पिवळी सोसायटी, बी विंग, तळमजला. बेल वाजवा. उन्हातून आलोय म्हणा, पाणी मागा. माणूस फार अगत्यशील आहे, नाही म्हणणार नाही. त्यांना काही विचारू नका, नुसते बसा. आणि ते पाणी आणायला आत गेले की शेगडीवर काही शिजलेलं दिसतंय का, तेवढं बघून मला कळवा.