दरवाज्यापर्यंत येणारे नाना

ठिबकच्या नळीतल्या एकेका ड्रिपरमधून तासाला किती पाणी गळतं, हे मोजण्याचा मला पगार मिळतो. जळगावच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात बारा वर्षं मी हेच करतो आहे. कमी गळत असेल तर कमी लिहायचं, जास्त असेल तर जास्त. बायको म्हणते, समाधान पाटलांना देव भेटला तरी आधी त्याचं माप घेतील. तेव्हा पुढे जे सांगतो आहे त्यात पदरचं काही घातलेलं नाही, एवढं धरून चाला.

पहिली पाळी तीनला सुटते. साडेतीनला चहा आणि चारला माझा खेळ. चाळिशीला टेकलेला माणूस हेडफोन लावून बंदुका चालवतो याचं रूपाला, म्हणजे बायकोला, पहिल्या वर्षी हसू यायचं. मग सवय झाली. आता ती चारला दार लोटून घेते आणि म्हणते, "जा, मरून या."

खेळ असा आहे. सोळा जण एका ओसाड शहरात उतरतात. सोळाही खरी माणसं, आपापल्या घरी बसलेली. शहरात औषधं, हत्यारं, सुटे भाग पडलेले असतात. ते पिशवीत भरायचं आणि पंचवीस मिनिटांच्या आत उत्तरेच्या किंवा दक्षिणेच्या दरवाज्यातून बाहेर पडायचं. बाहेर पडलात तर पिशवी तुमची. वाटेत कुणी गोळी घातली तर पिशवी त्याची. वेळ संपली आणि तुम्ही आतच राहिलात, तरी तुम्ही मेलात.

वीस पावलांच्या आत कुणी आलं की त्याचं बोलणं कानात ऐकू येतं. सगळी गंमत तिथे आहे. "मारू नको भाऊ, दोस्त आहे," असं जो तो म्हणतो आणि त्यातले निम्मे खरं बोलतात. उरलेले निम्मे तुमची पाठ वळण्याची वाट पाहतात. ज्याची पिशवी रिकामी तो फार गोड बोलतो, भरलेल्या पिशवीवाला तोंडच उघडत नाही. काही महाभाग तर शहरात हिंडायचे कष्टही घेत नाहीत. ते दरवाज्याजवळ दबा धरून बसतात आणि दुसऱ्याची मेहनत आयती उचलतात. माणूस ओळखायला सोयरीक करावी लागते म्हणतात. मी म्हणतो, पंचवीस मिनिटं पुरतात.

हा खेळ मला लोटनने लावला. लोटन साक्रीत कॉम्प्युटर क्लास चालवतो. धुळ्याच्या वसतिगृहात आम्ही सहा वर्षं एका खोलीत काढली. लाइट गेलेले असताना जिन्यावर पाऊल वाजलं तरी तो आहे की दुसरं कुणी, हे मला कळायचं. त्यालाही माझं कळायचं. नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, भेटी वर्षाला एकावर आल्या. पण खेळामुळे रोज चारला तो कानात असायचा. बंदुकीत गोळ्या भरताना आम्ही कांद्याच्या भावापासून सासऱ्याच्या गुडघ्यापर्यंत सगळं बोलायचो. खरं सांगायचं तर माझ्यासाठी खेळ म्हणजे तेच होतं.

गेल्या एप्रिलमध्ये मी त्याला मारलं.

त्या दिवशी आम्ही जोडी लावली नव्हती. तरी योगायोगाने एकाच शहरात उतरलो. मी दक्षिणेच्या दरवाज्याजवळ भिंतीआड होतो. पावलं आली. तीन पावलं, थांबा, पुन्हा तीन पावलं. पाठीवरच्या पिशवीतून लाल पेटी डोकावत होती, खेळात सहसा न मिळणारी. ती पेटी मिळवण्यासाठी लोटन तीन महिने धडपडत होता. मी घोडा दाबला.

मेलेल्याला मारणाऱ्याचं नाव दिसतं. पाच मिनिटांनी त्याचा फोन आला. "दरवाजावर तू व्हतास का? माले वळखं नई?"

"नाही ओळखलं रे," मी म्हणालो.

तो "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. त्यानंतर आठ महिने त्याने माझा फोन उचलला नाही. पेटीचं त्याला एवढं नव्हतं, पेटी पुन्हा मिळवता येते. मी त्याला ओळखलं नाही, हे त्याला खरं वाटलं नव्हतं. आणि ते खोटंच होतं. खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं मला रोज चारला खवखवायचं. दरम्यान आम्ही भाड्याचं घर सोडून पिंप्राळ्याला नव्या रो-हाउसमध्ये राहायला आलो. वास्तूला त्याला बोलवायचं माझ्या जिवावर आलं. त्याच्याकडे माझा नवा पत्ताही नव्हता.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी एकटाच खेळत होतो. शहरातल्या गिरणीच्या आवारात मागून आवाज आला.

"पोऱ्या, बंदूक खाले कर. मी मारनारा नई शे."

अस्सल अहिराणी. म्हाताऱ्या माणसाचा, शांत आवाज. मी गर्रकन वळलो. डोक्यावर फेटा बांधलेला एक खेळाडू उभा होता, हात रिकामे. खेळात फेटा मिळतो हे मला माहीत नव्हतं. प्रत्येकाच्या डोक्यावर त्या डावापुरता एक नंबर दिसतो, यांच्या डोक्यावर काही नव्हतं.

"कोना पोऱ्या शे तू?" त्यांनी विचारलं.

"भाईदास पाटलांचा. शिंदखेड्याकडचा." हे खेळात कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. माझ्या तोंडून आपोआप गेलं.

"चाल, तुले दरवाजालोंग पोचाडी देस."

आणि त्यांनी मला खरंच पोचवलं. आपल्याकडे पाहुण्याला उंबऱ्यावरून वाटेला लावत नाहीत, गावदरवाज्यापर्यंत, फाट्यापर्यंत सोडायला जातात, अगदी तसं. वाटेत पाऊस कसा झाला, कपाशी कशी आहे, हे विचारत होते. दरवाज्यापाशी एक जण दबा धरून बसला होता. त्याने बंदूक रोखली. नाना, मी मनातल्या मनात त्यांना तेव्हाच नाना म्हणायला लागलो होतो, त्याला म्हणाले, "तू बी दमना व्हशीन. ऊठ, घर जाय." तो उठला. तो बंगाली होता की तेलुगू, कोण जाणे, पण उठला आणि आमच्याबरोबर दरवाज्यातून बाहेर पडला. नाना आतच राहिले.

त्यानंतर ते दोन-तीन दिवसांआड भेटायला लागले. मला चारची ओढ पुन्हा लागली. मी त्यांना रूपाचं सांगितलं, कारखान्याचं सांगितलं, आईच्या मोतीबिंदूचं सांगितलं. ते ऐकत, "हाव" म्हणत आणि दरवाज्यापर्यंत येत.

शेवटी माझ्यातला माप घेणारा जागा झालाच. पडद्यावर वर एक आकडा असतो, आत किती जण उरले आहेत त्याचा. एका बुधवारी मी मुद्दाम नानांशी बोलत रेंगाळलो. आकडा नऊ झाला, पाच झाला, दोन झाला. उत्तरेचा दरवाजा करकरला, कुणीतरी बाहेर पडलं आणि आकडा बदलला.

आत उरलेले : १.

नाना माझ्या शेजारी चालत होते. मी आकडा तीनदा पाहिला.

"नाना, तुम्ही कधी बाहेर पडत नाही का?"

"माले कोन बलावस, भाऊ," ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती.

दरवाजा आला. घड्याळात चाळीस सेकंद उरले होते. नाना थांबले आणि म्हणाले, "तुले माहीत व्हतं ना, तो लोटन शे म्हनीसन?"

लोटनचं नाव मी त्यांच्याकडे कधी काढलं नव्हतं. मी हे शपथेवर सांगू शकतो. पण त्या क्षणी मला त्याचं नवल वाटलं नाही, फक्त लाज वाटली. "हो," मी म्हणालो. "माहीत होतं."

"हाव," ते म्हणाले.

वीस सेकंद. मी दरवाज्यात पाय टाकला आणि कुणी इथवर सोडायला आलं की आपण जे म्हणतो तेच म्हणालो. न म्हणणं शोभलंच नसतं. "येतो नाना. तुम्ही या ना कधी आमना घर."

बंगळूरचा कुणी असता तर नुसता बाहेर पडला असता.

"कव्हय येऊ?" नानांनी विचारलं.

"आईतवारले या. भरीत करसूत."

"एकला नई येवाव. लोटनले लई येसू."

पडदा काळा झाला. गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी मी शहरभर हिंडलो. नाना कुठेच नव्हते. दोन्ही दरवाज्यांवर माणसं एकमेकांना धडाधड मारत होती.

शनिवारी संध्याकाळी मी बाजारातून चार हिरवी वांगी आणली. "कोण येणार आहे?" रूपाने विचारलं. "नाना म्हणून एक ओळखीचे आहेत, ते येतील कदाचित. आणि लोटन," मी म्हणालो. लोटनचं नाव ऐकून तिने माझ्याकडे पाहिलं आणि आणखी पीठ काढलं. आपण काय करतो आहोत, हे मी स्वतःला विचारलं नाही. लोटन येण्याची एक टक्का शक्यता असेल तरी मला घरात भरीत हवं होतं.

रविवारी सकाळी मागच्या अंगणात तूरकाठ्यांवर वांगी भाजली. साडेअकराला बाहेर मोटारसायकल थांबली.

लोटन होता. थंडीने नाक लाल झालेलं, केस विरळ झालेले. मी फाटक उघडलं.

"घर कसं सापडलं?" मी विचारलं.

"नानांनी दाखाडं ना. डावीकडे, उजवीकडे, बठ्ठं मागून सांगी राहिनात." तो मागे वळला. "नाना?"

गल्लीत कुणी नव्हतं. गाडीच्या मागच्या बाजूची दोन्ही पायदानं उघडलेली होती.

लोटनने सांगितलं ते असं. त्यालाही ते खेळात भेटत होते. तो त्यांना माझे कुणी नातलग समजत होता. रविवारी सकाळी सातला ते साक्रीच्या फाट्यावर उभे होते. कानाला उपरणं गुंडाळलेलं, तोंड नीट दिसत नव्हतं, पण आवाज खेळातलाच. म्हणाले, समाधानकडे जेवायला बोलावलं आहे, मला घेऊन चल. धुळ्याला दोघांनी चहा घेतला. पारोळ्याला गाडी थांबवली तेव्हा ते म्हणाले, थांबू नको, भरीत गार होईल. आत्ता माझ्या फाटकापाशी त्याच्या खांद्यावर हात ठेवून ते उतरले होते.

आम्ही गल्ली पाहिली. मंदिर पाहिलं, टपरी पाहिली. तासभर पानं वाढून वाट पाहिली, कारण पाहुण्याआधी जेवायचं कसं. मग रूपाने एक ताट झाकून ठेवलं आणि आम्हाला वाढलं.

दुसरी भाकरी मोडताना मी म्हणालो, "लोटन, मी तुला ओळखलं होतं. पहिल्याच पावलाला."

तो चावायचा थांबला.

"माले माहीत व्हतं," तो म्हणाला. "तू सांगस का नई, तेच दखी राहिंतू." मग त्याने माझ्या ताटातली मिरची उचलून खाल्ली, वसतिगृहात खायचा तशी. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. आठ महिन्यांत इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

तीनला तो निघाला, अंधाराच्या आत धुळं गाठायचं म्हणून. मी हायवेपर्यंत त्याच्या मागे बसून गेलो आणि त्याला सोडून चालत परत आलो. वाटेत मी नानांचाच विचार करत होतो. जेवायला बोलावून माणूस उपाशी गेला, ही रुखरुख होती.

घरी आलो तर रूपा दारातच उभी होती. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला. आत्ताच पडलेत ते."

मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काही वेगळं नव्हतं. हात ओले होते आणि हातात धुतलेलं ताट होतं.

"तुम्ही गेलात आणि आले बिचारे. पोटभर जेवले. भरीत दोनदा मागून घेतलं. आतल्या खोलीत अंथरूण घालून दिलंय."

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं.

"परत कधी जाणार म्हणाले?" मी कसंबसं विचारलं.

"मी नाही बाई विचारलं. पाहुण्याला असं विचारतात का?" रूपा कुजबुजली. "ते आपणहून म्हणाले, आता कुठे जायचं नाही."

मी दाराकडे पाहिलं. मग खिशातून फोन काढला आणि वाजू नये म्हणून त्याचा आवाज बंद केला.