कुंडलचा रुमाल

सांगलीस कृष्णाकाठी एक लहानसे इतिहास-संग्रहालय होते. जुन्या कागदांचे गठ्ठे तेथे तांबड्या कापडात बांधून ठेवीत. त्यांस रुमाल म्हणत. दर आश्विनात ते रुमाल सोडावेत, कागदांस ऊन दाखवावे आणि कडुनिंबाचा ताजा पाला घालून पुन्हा बांधावेत, असा तेथील नेम. बेचाळीसच्या आश्विनात संग्रहपाल आप्पासोंची कन्या सगुणा याच कामात गढली असता वाऱ्याने एक कागद उचलला आणि फाटकातून येणाऱ्या शिपायाच्या पायांशी नेऊन टाकला.

"बूट ठेवू नका हं त्याच्यावर!"

तो तरुण चक्क गुडघ्यांवर बसला आणि त्याने कागदावर दोन्ही तळहात धरले. "आवं, शरण आलो की! आता उठू का?"

सगुणेला हसू आवरेना.

त्याचे नाव जोतीराम. लढाईवर जाण्यापूर्वी शिलेदारांच्या जुन्या यादीत पणजोबाचे नाव पाहावे, एवढीच त्याची इच्छा. कुंडल गावच्या रुमालात ते पहिल्याच दिवशी सापडले. तथापि रजा सरेपर्यंत तो नित्य येत राहिला.

"आज कोणते पणजोबा?" सगुणा विचारी.

"लय हायेत. घराणंच मोठं!"

अखेरच्या दिवशी कुंडलचा रुमाल बांधताना त्याचा हात अडखळला. "ह्ये... दरसाल सोडता व्हय?"

"दरसाल, न चुकता. नाहीतर कसर लागते."

"मग झालं तर —" म्हणत गाठ त्यानेच मारली.

पौषात आप्पासोंना अर्धांगवायू झाला आणि विश्वस्तांनी संग्रहालयास कुलूप घातले. सगुणा किल्ली मागू लागली की उत्तर ठरलेले: लढाई संपू द्या. लढाई संपली, तरी किल्ली लगेच सुटली नाही. तीन आश्विन तसेच गेले. जोतीरामाचे पत्र कधी आले नाही. तो विसरला असावा, अशी तिने मनाची समजूत घातली.

चौथ्या आश्विनात किल्ली मिळाली. कुंडलच्या रुमालास कसर लागली होती. आत, यादीवर, घडी केलेली एक चिठ्ठी होती...

'सगुणाबाई, तोंडानं बोलायचं धाडस न्हाई. माजी वाट बगनार असाल, तर पुढच्या आश्विनात रुमाल सोडल्यावर कुंडलला दोन वळी लिवा. न लिवल्या तर तुमची मर्जी समजीन. पुन्यांदा तरास देनार न्हाई. — जोतीराम'

ऊन ओसरून गेले, तरी सगुणा अंगणातच बसून होती.

चारच दिवसांनी फाटक वाजले. जोतीराम आला होता. समवेत हिरवा चुडा ल्यालेली नवी नवरी, बनुबाई.

"हिला पणजोबाचं नाव दावायचं हाय," तो म्हणाला.

बनुबाईने यादीला भक्तिभावाने हात जोडले. निघताना ती पुढे गेली. तो मात्र रेंगाळला.

"रुमाल... दरसाल सोडत व्हता न्हवं?"

कुलपाची सारी हकिगत सगुणेच्या ओठांपर्यंत आली. फाटकाशी बनुबाई पदर सावरीत त्याची वाट पाहत उभी होती.

"दरसाल," सगुणा म्हणाली, "न चुकता."

त्याने मान हलवली. "बरं... येतो."

तो वळणाआड झाल्यावर सगुणेने कमरेला खोचलेली चिठ्ठी काढली, यादीवर जशी होती तशी ठेवली, वर ताजा कडुनिंब अंथरला. आणि जेथे त्याने गाठ मारली होती, तेथेच ती पुन्हा आवळली.