साखळीवाचून

गिरणीवालीने गाडी घेतली ती डोळ्यांनी नाही, कानांनी. चाळीस वर्षं पिठाच्या गिरणीत काढलेली बाई. पट्टा जरा सैल झाला तर तिला झोपेतही कळायचं. साठी उलटल्यावर तिने जुनी गाडी विकत घेतली, त्याला कारण एकच होतं. धाकट्या बहिणीला आठवड्यातून तीनदा, दुपारी दोनला, डायलिसिसच्या मशीनवर न्यावं लागे. एक खेप चुकली की अंग सुजायचं, धाप लागायची. दोन चुकल्या तर काय, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं आणि हिने विचारलं नव्हतं.

गॅरेज दोघा भावांचं. थोरला इंजिन उकलायचा, एकेक भाग धुऊन भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायचा. धाकटा तो काढून बसवायचा. सगळे खिळे रिकामे झाले, की इंजिन पुरं झालं म्हणायचं.

"नव्यासारखं बांधलंय, मावशी," धाकटा म्हणाला.

तिने लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनावर टेकवला आणि मूठ कानाला लावली. आवाज गोड होता. फक्त फेरा अर्ध्यावर रेंगाळायचा, मग ओढ घ्यायचा. यंत्र असं फिरत नाही. माणूस हाताने दळतो, तेव्हा असं फिरतं. पण बहिणीचे सुजलेले पाय तिच्या डोळ्यांपुढे होते. तिने गाडी घेतली.

दोन महिने गाडी बिनतक्रार चालली. चढावर तेवढी दमायची. उन्हात काचा लावल्या की आत पेट्रोलचा नाही, घामाचा वास यायचा.

मग एका दुपारी, दवाखान्याच्या वाटेवर, गॅरेजपुढे थोरल्याने हात करून गाडी थांबवली; धाकटा त्याच्या मागे उभा होता. त्याच्या दुसऱ्या हातात काळी साखळी लोंबत होती.

"मावशी, ही तुमच्या इंजिनातली. रॉकेलच्या डब्याच्या तळाशी सापडली. मी पुन्हा धुवायला टाकली होती... ह्याने रिकामा खिळा बघितला, ह्याला वाटलं बसली."

"मग?"

"मग काय... खालच्या चाकाचा फेरा वरच्या चाकाला पोचवते ती ही. हिच्याशिवाय गाडी चालूच होत नाही."

"आणि मी दोन महिने काय ढकलत नेली?"

धाकट्याने इंजिनाचं पुढचं झाकण उघडलं. खाली एक दातेरी चाक, वर एक. मध्ये हवा.

"चावी फिरवू नका, मावशी..."

तिने फिरवली. दोन्ही चाकं एकदम फिरू लागली, मध्ये काहीच नसताना. धाकट्याच्या हातून पाना पडला. तो उचलायला कोणी वाकलं नाही.

"बंद करा," थोरला हळूच म्हणाला. "साखळी बसवायला हवी. पण आत हात... मी नाही घालणार."

"मग झाकण लाव. दोनला मशीन आहे."

"मावशी, आत कोणीतरी..."

"असेल. कामसू आहे. तुम्हा दोघांपेक्षा बरं."

मागच्या सीटवर बहीण उशीला टेकून डोळे मिटून होती.

दवाखान्याच्या चढावर गाडी थांबली. दोनला वीस मिनिटं कमी होती. गिरणीवाली उतरली, तापलेल्या बॉनेटवर तिने तळवा टेकवला.

"दमलीस? घे दम. पण मागे फिरायचं नाही. तू कोण, कुठली, मेलीस की कोणी मारलं, मला घेणं नाही. माझी बहीण मशीनला लागली पाहिजे. समजलं?"

ती आत येऊन बसायच्या आधीच इंजिन चालू झालं.

वॉर्डात बहिणीच्या डाव्या हातात सुया गेल्या, मशीन सुरू झालं, बहिणीला डोळा लागला. नर्सबाईंनी तिचा उजवा हात सरळ करायला उचलला आणि तशाच थबकल्या.

"मावशी, ह्या कसलं काम करतात?"

"काम? दोन वर्षं पाण्याची बादली उचललेली नाही तिने."

नर्सबाईंनी तळवा उलटा करून दाखवला. जाड, पिवळे घट्टे. एक आजच फुटलेला, ओला. रेघारेघांत काळं वंगण.

नर्सबाई मलम आणायला गेल्या. गिरणीवाली त्या हाताकडे बघत राहिली. बोटं कशावर तरी मिटली आणि हात चादरीवर सावकाश गोल फिरू लागला. खिडकीखाली, आवारात, तिची गाडी चालू होती. चावी तिच्या पिशवीत होती.

तिने स्टूल ओढलं.

"सोड," ती म्हणाली. "अगं सोड म्हणते ना. मेले, मला हाक मारायची नाहीस होय? हे काम माझं आहे."

तिने आपला हात त्या मुठीत घातला आणि बहिणीची बोटं एकेक करून सोडवली. बहिणीने झोपेतच लांब श्वास सोडला; तिच्या कपाळावरची आठी गेली.

खाली गाडी बंद पडली नाही.

गिरणीवालीच्या तळव्यात काहीतरी आलं. जात्याच्या खुंट्यासारखं गुळगुळीत, कोमट, हातांनी झिजलेलं. तिने दात आवळून ते घट्ट धरलं आणि जोर लावला. आणि पलीकडून, तितक्याच जोराने, बहीण इतके दिवस एकटीच ज्याच्याशी झुंजत होती ते कोणीतरी उलटं फिरवायला लागलं.