ठोकळ्याला दिसलेला ठिपका

"चित्र नाही. एक ठिपका पळतोय," ठोकळ्या म्हणाला आणि माझं डोकंच फिरलं.

समोरच्या जुन्या टीव्हीवर लख्ख चित्र होतं. दालनातला कॅमेरा त्याला जोडलेला, त्यामुळे पडद्यावर मी दिसत होते, माझी सुटलेली वेणीसुद्धा दिसत होती. आणि हा शहाणा म्हणतोय, चित्र नाही.

ठोकळ्या म्हणजे दुरुस्तीला मदत करणारा यंत्रमानव. दिसायला ठोकळ्यासारखा, म्हणून मीच ठेवलेलं नाव. माझ्या मामाआजोबांनी, म्हणजे डॉक्टर यशवंत माईणकरांनी, सांगलीत जुन्या टीव्हींचं संग्रहालय काढलंय. जन्मभर प्रयोगशाळेत रमलेला माणूस, निवृत्त झाला म्हणून घरी थोडाच बसणार? आता भिंतीला कागदासारखे पडदे चिकटवतात. पाठीला भलंमोठं पोट असलेला टीव्ही माझ्या वर्गात कुणी पाहिलेलासुद्धा नाही. ठोकळ्या आला तो या टीव्हींसाठीच. पण आल्यापासून प्रत्येक टीव्हीसमोर त्याचं एकच पालुपद, चित्र नाही, ठिपका पळतोय.

शेवटी कारखान्याला कळवावं लागलं. संध्याकाळी गाडी येणार होती. डोळा बिघडलेला यंत्रमानव ते दुरुस्त करत नाहीत. त्याची स्मृती पुसतात आणि सुटे भाग करतात. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले.

"तोंड पाडून बसू नकोस, ऋजुता. हा टीव्ही बघ," मामाआजोबा म्हणाले.

त्या टीव्हीलाही तोच कॅमेरा जोडला होता, पण पडद्यावर मधोमध फक्त एक पांढरी आडवी रेघ होती. वर अंधार, खाली अंधार.

"गेला की हा," मी म्हणाले.

"लगेच गेला? काय बिघडलंय ते नंतर. आधी विचारायचं, काय चालू आहे. आवाज येतोय?"

माझंच बोलणं टीव्हीतून घुमत होतं. "येतोय."

"म्हणजे वीज आत पोचतेय. रेघ चमकतेय?"

"हो."

"म्हणजे चित्रनलिका (टीव्हीतली मोठी काचेची नळी) ठणठणीत आहे. तिच्या मागच्या टोकातून इलेक्ट्रॉनांचा (अणूतल्या अतिसूक्ष्म कणांचा) झोत येऊन पडद्यावर आदळतो. आदळला की तिथला लेप चमकतो. आता, रेघ या कडेपासून त्या कडेपर्यंत आहे ना? म्हणजे झोत आडवा नीट पळतोय. फक्त खाली उतरत नाहीये. त्याला वरून खाली नेणारा तेवढा भाग रुसलाय."

मी बघतच राहिले. या माणसाने अजून एक स्क्रूसुद्धा फिरवला नव्हता, आणि एवढ्या मोठ्या पेटीतला बिघाड टीचभर जागेत आणून ठेवला होता. मला त्यांचा केवढा अभिमान वाटला!

आणि मग एकदम मनात आलं, ठोकळ्याला असं कुणी विचारलंय का?

मी त्याला समोरच्या भिंतीवरचं वर्तमानपत्र वाचायला लावलं. अगदी बारीक छपाई, पण त्याने घडाघडा वाचलं. सुईत दोरा ओवायला दिला, एका झटक्यात ओवला. माझ्या ओढणीतले रंग बिनचूक सांगितले.

"मामाआजोबा, याचा डोळा चांगलाय. खोटं बोलणं याला येत नाही. मग तो सांगतोय ते खरंच असणार."

मामाआजोबा ठसका लागेपर्यंत हसले. "अगं, खरंच आहे ते. माझ्या कसं लक्षात आलं नाही!"

त्यांनी खिडक्यांचे पडदे ओढले, उदबत्ती पेटवली आणि अंधारात ती गरगर फिरवली. "काय दिसतंय?"

"लाल कडं."

"आणि तुला, ठोकळ्या?"

"एक ठिणगी फिरते आहे."

"बघ. कडं तिथे नाहीच. आपल्या डोळ्याला दिसलेली गोष्ट क्षणभर टिकून राहते. त्याला दृष्टिसातत्य (दिसलेलं लगेच न पुसलं जाणं) म्हणतात. टीव्हीत एकच ठिपका रेघांमागून रेघा ओढत सेकंदाला पन्नास वेळा वरून खाली येतो. त्याचं चित्र आपण करतो. याचा डोळा पडला फार चपळ, याला ठिपकाच दिसणार."

एक ठिपका. एवढ्याशा ठिपक्याने कुणाकुणाच्या घरात माणसं गोळा करून बसवली होती. ज्यांना हे सुचलं त्यांना नमस्कारच करावा असं मला वाटलं.

"मग ठोकळ्या आपल्याला रुसलेली जागा दाखवेल," मी म्हणाले.

मामाआजोबांनी रेघेच्या टीव्हीचं मागचं झाकण काढलं. मला त्यांनी लांब उभं केलं, कारण बंद टीव्हीच्या चित्रनलिकेतही जबर वीज साठून असते. लहानांनी तिथे हात घालायचाच नाही. मग त्यांनी टीव्ही चालू केला आणि ते सुक्या लाकडी काडीने एकेक सांधा हलकेच दाबायला लागले. मला पडद्यावर तीच रेघ दिसत होती.

"थांबा. आत्ता ठिपका किंचित खाली उतरला होता," ठोकळ्या म्हणाला.

भिंगाखाली पाहिलं, तर तिथला डाख (कथील वितळवून केलेला सांधा) केसभर तडकला होता. टीव्ही बंद करून, साठलेली वीज काढून मामाआजोबांनी नवा डाख दिला. पुन्हा चालू केला आणि रेघ उघडत गेली. पडदाभर मी, माझी वेणी, शेजारी ठोकळ्या.

"तुला मात्र दिसत नाही," मी म्हणाले. मला वाईट वाटलं.

ठोकळ्या पडद्याजवळ सरकला. "मी प्रत्येक ठिपका लगेच पुसतो. पुसला नाही आणि पुढचे त्याच्या शेजारी ठेवत गेलो तर?" त्याने डोळा पडद्यावर रोखला. मग सावकाश म्हणाला, "एक मुलगी आहे. तिची वेणी सुटली आहे. शेजारी कुणीतरी चौकोनी आहे."

"तो तू आहेस, ठोकळ्या."

"मी असा दिसतो," तो म्हणाला आणि पडद्यापासून हललाच नाही.

तेवढ्यात दाराशी गाडी थांबली. गाडीवाले काका आत आले. "बिघडलेला यंत्रमानव कुठाय?"

"इथे कुणी बिघडलेलं नाही," मामाआजोबा म्हणाले आणि त्यांनी ठोकळ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बरं झालं. तसंही गाडीत जागा नाही, आधीच दोघं आहेत. एक म्हणे हाकेला ओ देत नाही, दुसरा एकाच जागी गोल फिरतो."

ठोकळ्या पहिल्यांदाच टीव्हीकडे पाठ करून वळला.

"त्यांना आत आणा," तो म्हणाला. "आधी विचारू या, काय चालू आहे."